घरचे अन्न आणि बाजारचा कायदा

अन्न द्यावे, विकू नये, अशी शिकवण आपल्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी ऐकलेली आहे. दारी आलेल्याला भाकरतुकडा द्यावा, ताकाला कोणी आले तर परत पाठवू नये, ही आपली जुनी रीत. त्या रीतीत अन्नाचे पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई. परंतु ज्या घरातला मिळवता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, त्या घरच्या बाईला ही रीत परवडण्यासारखी नव्हती. तिने दुसऱ्यांचे पापड लाटून दिले, लोणची घालून दिली, चार माणसांची खानावळ चालवली आणि मुले वाढवली. तेव्हा घरच्या अन्नाची विक्री ही काही आजची टूम नव्हे. नवीन आहे ते इतकेच की, आता त्या विक्रीला सरकारदरबारी नोंद लागते.

आपल्या मंडळाच्या काही भगिनी रविवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारात भाजणी, मेतकूट, कुरडया, शेंगदाण्याचे लाडू घेऊन बसतात. नोंदणीचा क्रमांक नसेल तर यापुढे बसायला जागा मिळणार नाही, असे बाजार भरवणाऱ्यांनी कळवले आणि आपल्या बैठकीत दोन तट पडले. एकीचे म्हणणे, “आजीच्या हातची भाजणी खाऊन कोणी आजारी पडले नाही, आता साहेब आम्हांला शिकवणार का?” दुसरीचे म्हणणे, “उद्या कोणाच्या मुलाला बाधले तर तोंड कोणाला दाखवायचे?” दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून हा कायदा आला कोठून आणि कोणासाठी, हे मुळापासून पाहावे असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची भाषा मला एका वाचनात उलगडत नाही. तरी वाचनालयातली पुस्तके आणि मुलीने काढून दिलेले कागद पुढ्यात घेऊन जे समजले, ते येथे सांगते.

अन्नात भेसळ करणारा आणि त्याला शिक्षा करणारा, दोघेही फार जुने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेलतूप, मीठ, औषधे यांत तशाच दिसणारा हलका माल मिसळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. इंग्रजी अमदानीत १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या २७२ आणि २७३ या कलमांनी विक्रीच्या अन्नात घातक भेसळ करणे आणि अपायकारक अन्न विकणे हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हीच कलमे तेथे २७४ आणि २७५ या क्रमांकांनी आली आहेत. पुढे निरनिराळ्या प्रांतांनी आपापले भेसळविरोधी कायदे केले. मुंबई इलाख्याचा कायदा १९२५ सालचा. प्रत्येक प्रांताची कसोटी वेगळी, त्यामुळे एका प्रांतात नापास झालेला माल शेजारच्या प्रांतात खपवता येत असे.

त्या काळची मोठी भेसळ तुपातली. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला आणि वनस्पती तूप घरोघर पोचले. ते स्वतःच्या नावाने विकले तर कोणाची तक्रार नव्हती, पण लबाड व्यापारी ते साजूक तुपात मिसळू लागले. दिसायला दोन्ही सारखे, थिजतेही सारखे. मग उपाय निघाला तो मला फार आवडला. वनस्पती तुपात कारखान्यातच शेकडा पाच तरी तिळाचे तेल घातले पाहिजे, अशी सक्ती झाली. तिळाच्या तेलाचा गुण असा की, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवले की, आम्लाचा थर गुलाबी-लाल होतो. साजूक तूप म्हणून विकलेला माल या परीक्षेत लाल झाला की त्यात वनस्पती आहे हे उघड. चोराच्या खिशात आधीच खूण ठेवून द्यावी तसा हा प्रकार. (हे आम्ल भाजते. घरी कोणी प्रयोग करू नये. ते प्रयोगशाळेचे काम.)

स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा असे ठरले आणि १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. तो १ जून १९५५ पासून अमलात आला. त्यात अन्ननिरीक्षक आले, सरकारी विश्लेषक आले, प्रत्येक पदार्थ कसा असावा याची मोजमापे आली. त्यातली एक तरतूद गृहिणींच्या कामाची होती. निरीक्षकाचीच वाट पाहायला नको. माल विकत घेणाऱ्या कोणालाही, दुकानदाराला तसे सांगून आणि फी भरून, तो माल सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येत असे. १९८६ साली हा हक्क मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांनाही मिळाला. शिक्षाही वाढत गेल्या. १९७६ च्या दुरुस्तीने, भेसळीमुळे माणूस दगावला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. आपल्याकडे कामगारांची आरोग्ये आणि गृहिणींची स्वयंपाकघरे ज्या खात्याच्या भरवशावर असतात, ते अन्न व औषध प्रशासन महाराष्ट्रात १९७० साली स्थापन झाले.

या सगळ्या काळात गृहिणी कोठे होती? ती गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी होती. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तो मोर्चा महागाईविरुद्ध होता. पुढे पुण्यामुंबईत ग्राहक पंचायती निघाल्या आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कापडा-कागदाचा रंग, मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल, असे प्रकार उघडकीस येत, तेव्हा कायदा कडक करा असे आपणच म्हणत होतो. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन हजारो माणसे अंगावर सूज येऊन आजारी पडली आणि साठांहून अधिक मेली. कायदा नको असे म्हणण्यापूर्वी ही माणसे आठवावीत.

पण त्याच वर्षांत दुसरीही एक गोष्ट घडत होती. गृहिणी मांडणीच्या पलीकडे जाऊन विक्रेत्याच्या जागी बसू लागली होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने घेतलेले, पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणगावात कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम या मंडळाने केले. त्याच साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ पासून नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडून देण्यास प्रारंभ केला आणि गावोगावच्या बायका मसाले, पापड, चटण्या घेऊन प्रदर्शनांत दिसू लागल्या.

आता मौज अशी की, १९५४ च्या कायद्याच्या दृष्टीने गिरणीवाला आणि घरी चार किलो मसाला कुटणारी बाई, दोघेही अन्न तयार करून विकणारेच. लोणची, मुरंबे, सरबते यांसाठी तर १९५५ सालचा फळपदार्थांचा वेगळा हुकूम होता आणि त्याचा परवाना लागे. परवान्याच्या अटी पाहिल्या तर त्या कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या. स्वयंपाकघरात बसलेल्या बाईला त्या झेपण्यासारख्या नव्हत्या. म्हणून बहुतेकजणी ओळखीपाळखीने विकत राहिल्या. कायद्याने त्यांना पाहिले नाही आणि त्यांनी कायद्याला पाहिले नाही.

ही स्थिती २००६ साली बदलली. त्या वर्षी अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला, जुना भेसळ कायदा आणि फळपदार्थांचा हुकूम त्यात विलीन झाले, आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या कायद्याच्या ३१ व्या कलमात म्हटले आहे की, स्वतः पदार्थ करून विकणारा लहान उत्पादक, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, तात्पुरती जागा मांडून बसणारा यांना परवान्याची गरज नाही. त्यांनी फक्त नोंदणी करावी. २०११ च्या नियमांत लहान कोणाला म्हणावे याची मर्यादा वर्षाला बारा लाख रुपयांची विक्री अशी घातली आणि नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये ठेवली. सात दिवसांत होय-नाही कळवावे किंवा पाहणीची नोटीस द्यावी, असे अधिकाऱ्यांवरही बंधन घातले. मर्यादा, फी आणि मुदती सरकार मधूनमधून बदलते. अर्ज भरताना त्या दिवशीचा आकडा विचारून घ्यावा. पण तत्त्व तेच आहे. घरच्या बाईला कारखानदाराच्या रांगेतून काढून वेगळ्या, सोप्या रांगेत उभे केले. हे मला या कायद्याचे मोठेपण वाटते.

आता शेतकरी बाजाराकडे वळू. शेतकऱ्याने मधला दलाल टाळून थेट गिऱ्हाइकाला विकावे, यासाठी पंजाब-हरियाणाकडे १९८७ साली ‘अपनी मंडी’ निघाली. १९९९ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ आणि नोव्हेंबरात मदुरैला ‘उळवर संधै’ सुरू झाले. आपल्याकडे आठवडी बाजाराची परंपरा फार जुनी. तरी शहरातल्या मैदानावर शेतकऱ्यांच्या गटांनी बाजार भरवण्याची पद्धत अलीकडची. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून अशा बाजारांना जोर आला. भाजीच्या शेजारी बचतगटांच्या कुरडया आणि पापड आले ते येथेच.

या बाजारात एक कोडे आहे आणि आपल्या बैठकीतला वाद त्याच्यावरूनच पेटला. शेतकरी आपल्या शेतातला भोपळा घेऊन बसला तर त्याला नोंदणी लागत नाही. या कायद्याच्या १८ व्या कलमाने शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या पिकाला सूट दिली आहे. पण त्याच भोपळ्याचे घारगे करून शेजारी बसलेल्या बाईला नोंदणी लागते. हा अन्याय आहे, असे आपल्यातल्या एका भगिनीने तावातावाने सांगितले. मला तो अन्याय वाटत नाही. भोपळा घरी नेऊन आपण धुतो, सोलतो, शिजवतो. त्याची अखेरची राखण आपल्या हातात असते. घारगा पानात पडतो आणि तसाच तोंडात जातो. तो करणाऱ्या हातांनंतर मध्ये दुसरा पहारेकरी नाही. म्हणून कायदा त्या हातांची ओळख मागतो.

हाच प्रश्न अमेरिकेतही पडला हे वाचून नवल वाटले. तेथेही शेतकरी बाजार भरतात आणि घरी केलेले पाव, मुरंबे विकणाऱ्या बायका येतात. तेथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरगुती अन्नाचा कायदा लागू झाला. त्याने पाव, मुरंबे, सुका मेवा असे न नासणारे पदार्थ घरी करून विकण्यास मोकळीक दिली, साय किंवा मांस भरलेल्या पदार्थांना दिली नाही. पाकिटावर ‘घरच्या स्वयंपाकघरात केलेले’ असे लिहावे लागते आणि विक्रीचा पदार्थ करताना त्या स्वयंपाकघरात लहान मूल, कुत्रे-मांजर येऊ देऊ नये, घरचा स्वयंपाक आणि भांडी घासणेही त्याच वेळी करू नये, अशा अटी घातल्या. वायोमिंग राज्याने २०१५ साली याहून पुष्कळ मोकळा कायदा केला. गिऱ्हाइकाला सांगून-सवरून थेट विकत असाल तर परवाना नको. उलट न्यू जर्सीत घरी भाजलेला केक विकण्याची परवानगी यायला २०२१ साल उजाडले. म्हणजे पुढारलेल्या देशातही या बाबतीत एकमत नाही.

पण पदार्थांची जी वाटणी त्यांनी केली, ती आपल्या आज्या न शिकता करीत होत्या. ओलावा असेल तेथे जंतू वाढतात. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट कडक वाळलेले किंवा भाजलेले असतात म्हणून वर्षभर टिकतात. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा राखण करतो, वर तेलाचा थर हवा बाहेर ठेवतो. पाकातल्या लाडवात साखर पाणी बांधून ठेवते. परंतु पेढा, श्रीखंड, ओल्या नारळाच्या करंज्या, पुरणपोळी यांत ओलावा भरपूर. करणाऱ्या हाताला पिकलेले गळू किंवा जखम असेल आणि त्यातले जंतू खव्यात गेले, तर ते तेथे वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शेंगदाण्याला दमटपणाने बुरशी आली तर भाजल्यानेही तिचे विष पुरते जात नाही. आणि कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हे तर सासूबाईंनी सांगितल्यावाचून कोणाचीच सुटका झाली नसेल. या शहाणपणाला कायद्याचा विरोध नाही. कायदा तेच सांगतो, फक्त घरातल्या चार माणसांऐवजी अनोळखी चारशे माणसांसाठी सांगतो.

आजीच्या भाजणीने कोणी आजारी पडले नाही हे खरे. पण आजी धान्य घरी निवडत असे, धूत असे, हळकुंडे दळून आणत असे, आणि खाणारे तिच्या डोळ्यांसमोर होते. आज आपण तयार हळद आणि सुटे तिखट बाजारातून आणतो आणि आपला लाडू कोणाच्या घरी गेला हे आपल्याला ठाऊक नसते. त्या तिखटात दुसऱ्याने रंग घातला असेल तरी पाकिटावर नाव आपले. म्हणून प्रत्येक मालाची पावती जपून ठेवावी. ज्याने तो माल आपल्याला विकला त्याच्यापर्यंत तपास जायला तीच एक वाट असते.

कायद्याची बाजू इतकी घेतल्यावर त्याच्या अंमलबजावणीतल्या अडचणीही सांगायला हव्यात. अर्ज संगणकावर भरायचा असतो. आपल्यातल्या कितीजणींना तो भरता येतो? शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी एका भगिनीने मध्यस्थाला दीड हजार रुपये दिले. तिची महिनाभराची कमाई त्यात गेली. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे, हिरव्या ठिपक्याची खूण, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापायचा, तर छापखानेवाला हजार पाकिटांखाली बोलत नाही. आणि आपली विक्री आठवड्याला वीस पाकिटे. घरचा पत्ता अनोळखी हातांत जातो याचीही एकट्या राहणाऱ्या बाईला धास्ती वाटते. कागदाला भिऊन एखादीने पाटा-वरवंटा बाजूला ठेवला, तर त्या घरी मुलाची फी थांबते. ही किंमत लहान नाही.

यावर उपाय मला लिज्जतच्या पद्धतीत दिसतो. तेथे पीठ केंद्रावर एकाच मापाने भिजते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात आणि तपासून घेतल्यावरच लाटणावळ हातावर पडते. निरीक्षक दारात येण्याआधी त्या भगिनीच एकमेकींच्या निरीक्षक असतात. आपल्याला तेवढा व्याप नको, पण पुढील गोष्टी मंडळाला सहज करता येतील. मंडळातल्या शिकलेल्या मुलींनी महिन्यातून एक दिवस बसून सर्वांचे अर्ज फुकट भरून द्यावेत. पाकिटाची चिठ्ठी सर्वांसाठी एकत्र छापून घ्यावी आणि नाव-तारखेची जागा हाताने भरायला मोकळी ठेवावी. प्रत्येकीने एका वहीत कोणत्या दिवशी काय केले, माल कोठून आणला हे लिहावे आणि प्रत्येक घाण्यातले एक पाकीट महिनाभर बाजूला ठेवावे, म्हणजे तक्रार आली तर दाखवायला हातात काही असेल. अंगात ताप असेल, हगवण असेल किंवा हाताला जखम असेल त्या दिवशी विक्रीचे काम करू नये. तिची रविवारची जागा दुसरीने सांभाळावी आणि तिचा आधी केलेला माल विकून द्यावा. खव्याचे व ओल्या नारळाचे पदार्थ उन्हाळ्यात बाजारात नेऊ नयेत. यांतली एकही गोष्ट पैशावाचून अडणारी नाही.

नोंदणी करावी की नाही, या प्रश्नावर माझे उत्तर ‘करावी’ असे आहे. सत्तर वर्षांपूर्वी गिऱ्हाईक म्हणून ज्या कायद्याचे आपण स्वागत केले, त्यालाच विकणारीण म्हणून नाके मुरडणे शोभणार नाही. आणि दुसरेही एक कारण आहे. नोंद झाली की सरकारच्या कागदावर आपण ‘काही करीत नाही’ अशा बायका राहत नाही. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न उद्योगांच्या केंद्रीय योजनेत बचतगटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सभासद भगिनीला चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय ठेवण्यात आली, ती ज्यांचे काम कागदावर दिसले त्यांच्याच वाट्याला आली.

पुढील मासिक बैठकीत वर सांगितलेल्या सूचनांचा विचार व्हावा आणि अर्ज भरण्याचा पहिला दिवस तेथेच ठरवावा, अशी सर्व भगिनींना व अध्यक्षीणबाईंना विनंती करते आणि वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन लेख पुरा करते.